आकड्याची धार

नथू धारवाल्याला सुऱ्यांची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती माणसांची, आणि त्यातही खाकी कपड्यातल्या माणसांची. सिल्वासातल्या आमलीच्या चौकात, मोबाइलच्या एका दुकानाच्या कडेला, जुन्या सायकलला सहाणेचं चाक जोडून तो अठरा वर्षं बसत होता. पण पोलिसांची गाडी नुसती समोरून गेली तरी त्याचा पाय पॅडलवरून निसटायचा. त्याची बायको मंगला हे कुणालाही तोंडावर सांगायची. "आमच्या ह्यांना शिट्टी ऐकू आली का घाम फुटतो," ती म्हणायची, "मग ती कुकरची का असेना!"

हसायला काय जातं? पण त्या भीतीला कारण होतं, आणि ते आधी सांगून टाकलेलं बरं.

नथू मूळचा धुळ्याचा. तिथल्या बाजारात सदाशिवबाबा म्हणून एक म्हातारा धार लावायचा, त्याच्या हाताखाली नथू शिकला. बाबाचे दोन नियम होते. पहिला असा, की पात्याकडे बघायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही. माणूस खोटं बोलतो, पातं बोलत नाही. काय कापलं, किती जोरात कापलं, कापणारा उजवा का डावरा, सगळं ते सांगतं.

दुसरा नियम तीन दोऱ्यांचा. चाकावरून पातं उतरलं की त्याच्या काठाला लोखंडाची केसाएवढी पातळ झालर राहते. ती घासून काढली की खाली खरी धार. पण ती तशीच ठेवली, तर पातं नखाला टेकवताच चावतं, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, आणि पहिल्या ओढीला झालर दुमडली की पातं नुसतं सरकत बसतं. बाबा तिला खोटी धार म्हणायचा. गल्लोगल्ली फिरणारे लबाड लोक तीच लावतात आणि पुन्हा त्या गल्लीत तोंड दाखवत नाहीत. म्हणून बाबाकडे काम झालं की तीन दोरे ताणून धरायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातानं, एकामागून एक, तिन्ही कापून घ्यायचे. खोटी धार पहिला दोरा कापते, दुसऱ्याला अडखळते, तिसऱ्याला हरते. नथूची पोरगी वैशाली लहानपणी हे दोरे धरायला बसायची आणि मोठ्यानं मोजायची, एक, दोन, तीन.

वैशाली सहा वर्षांची असताना नथूकडे एक माणूस कोयता घेऊन आला. पांढरा शर्ट, गोड बोलणं. ऊस तोडायचाय म्हणाला. नथूनं नियमाप्रमाणे त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, तीन दोरे कापून घेतले आणि कोयता दिला. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. त्या कोयत्यानं एकाचा जीव गेला होता. "धार कोणी लावली? तू? मग तूही त्यातलाच," असं म्हणून त्याला चार दिवस बसवून ठेवलं. बाहेर मंगला पोरीला कडेवर घेऊन उभी. शेवटी काही निघालं नाही म्हणून सोडून दिलं, पण त्या चार दिवसांत डाव्या कानावर जे बसलं ते आजही गुणगुणतं. धार कोणी लावली, हा प्रश्न त्याला झोपेतही ऐकू यायचा. ज्या गावात आपलं नाव कुणाला ठाऊक नाही तिथं जायचं म्हणून तो सिल्वासात आला, आणि तेव्हापासून पात्याआधी गिऱ्हाइकाचं तोंड बघायला लागला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकूनच पिणार.

तर गोष्ट घडली ती गेल्या मार्चातली. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. एक उंच माणूस मोटरसायकल लांब लावून चालत आला. जाड मिशा, तांबारलेले डोळे, आणि डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत. नथूनं ते बघितलं आणि त्याचा पाय पॅडलवरून निसटला.

"नथूकाका तुम्हीच ना?" माणसानं विचारलं.

याला आपलं नाव कसं ठाऊक? नथूनं नुसती मान हलवली.

माणसानं आजूबाजूला बघत शर्टाच्या आतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि सायकलच्या फळीवर उलगडली. आत एक सुरा होता. रुंद पातं, लाकडी मूठ, आणि पात्याच्या पाठीला, टोकाजवळ, लोखंडातच कापून काढलेला एक आकडा, हुकासारखा आतल्या बाजूला वळलेला, मांजराच्या नखासारखा. असला सुरा नथूनं उभ्या जन्मात हातात धरला नव्हता.

"पात्याचं काही नाही," माणूस म्हणाला. "आकड्याला लावा. असा झाला पाहिजे की अडकवला, ओढला, की सुटलंच पाहिजे. मागच्या खेपेला चालला नाही. ती ओरडत होती अन् हा आपला नुसता घासत होता..." आणि तो एकदम गप्प झाला, जास्त बोलून गेल्यासारखा. "जाऊ द्या. पाच वाजता येतो. कुणाला दाखवू नका, बोलू नका."

ती ओरडत होती! नथूच्या पाचावर धारण बसली. कोण ती? कुठं ओरडत होती? माणूस गेला तरी तो सुऱ्याकडे बघत तसाच बसला. मग हिंमत करून त्यानं तो उचलला आणि आकड्याच्या आत बघितलं. आतल्या वळणात काहीतरी अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं ओढून काढलं. बाईचा लांबसडक काळा केस, एक नाही, सात-आठ, आणि त्यांच्याभोवती गुरफटलेला पांढरा चकचकीत दोरा.

दुकानातला प्रथमेश बाहेर आला. हा तिशीतला माणूस, मोबाइल दुरुस्त करायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ त्याच्याकडे असायचा. लपवायच्या आत त्यानं सुरा बघितलाच. "काका, हा तर शिकारीचा सुरा! थांबा, दाखवतो." आणि दाखवला. कुठल्या तरी परदेशी जंगलात मारलेलं हरीण पडलेलं, एका माणसानं त्याच्या पोटाला हा आकडा लावला आणि सरळ वर ओढला. पोट चेन उघडावी तसं उघडलं.

"बघा, आतडीला धक्का लागत नाही," प्रथमेश कौतुकानं म्हणाला. "त्याच्यासाठीच असतो आकडा. वरचं फाडायचं, खालचं जपायचं."

नथूनं त्यातलं फाडायचं तेवढं ऐकलं. पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही, आणि हीच त्याची पहिली चूक. प्रथमेश आत गेल्यावर त्यानं ते केस आणि दोरा कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात ठेवले. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

आता करायचं काय? नाही म्हणून सुरा परत द्यावा, तर त्याला आपलं नाव ठाऊक, मग घरही ठाऊक असणार, आणि घरात तरणीताठी पोरगी. पोलिसांकडे जावं? ते शब्द मनात आले तरी डावा कान गुणगुणायला लागला. धार लावून द्यावी, तर कुठल्या तरी बाईच्या जीवावर उठल्याचं पाप. बिचारा अर्धा तास नुसता पॅडल मारत बसला, चाक रिकामं फिरतंय, वर पातं नाही.

आणि मग त्याला ते सुचलं. ज्याचा त्यानं आयुष्यभर तिरस्कार केला, तेच सुचलं. आकड्याला खोटी धार लावायची.

आकड्याची धार चाकावर होत नाही; चाक त्या वळणात शिरतच नाही, शिरवलं तर आकडा बाद होतो. तिथं लागते बारीक गोल सळई, तिच्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर, आणि सबुरीचा हात. नथूनं सळई घेतली आणि आतून ओढत ओढत काठ आणला. पहिल्यांदा खरबरीत पेपर, मग मधला, मग बारीक. आकडा आरशासारखा चमकायला लागला, नखाला लावला तर टचकन चावला. एरवी यानंतर पातं उलटवून, बाहेरच्या अंगानं चामड्यावर घासून तो झालर काढायचा. आज त्यानं चामडं पेटीतून काढलंच नाही. एका बाईचा जीव वाचतोय, असं तो मनाशी म्हणत होता. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठ्यानं दुसरं काहीतरी म्हणत होता. उद्या काही झालं आणि कुणी विचारलं, तर हात जोडून सांगता येईल, साहेब, मी धार लावलीच नव्हती.

बरोबर पाचला तो माणूस आला. नथूनं रिवाजाप्रमाणे सुरा हातात न देता फडक्यावर ठेवला आणि एक दोरा ताणून धरला. माणसानं आकडा अडकवला, ओढला. दोरा तुटला.

"वा!" माणूस पहिल्यांदा हसला. त्यानं सुरा कपाळाला लावला. "आता माझी काळजी मिटली काका. फार उपकार झाले."

नथूनं दुसरा दोरा धरला नाही. माणूस वळून गेला तसा तो फुटपाथवरच बसला.

संध्याकाळी तो घरी आला. वैशाली पुलापलीकडच्या नरोलीत, एका यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या, कंपनीत जायची, सकाळी सातला बस, संध्याकाळी परत. पोरगी मोठी हसरी, पण गेले दहा-बारा दिवस जरा दबूनच होती. केसही तिनं आखूड केले होते. फॅशन आहे म्हणाली, आणि नथूला काय कळतंय फॅशनमधलं!

"पप्पा, आज काही वेगळं काम आलं का?" तिनं ताट वाढताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही. नेहमीचंच," नथू म्हणाला.

तिनं एकदा आईकडे बघितलं आणि विषय सोडला. नथूनं अर्धं ताट बाजूला सारलं. मग तो म्हणाला, "वैशू, उद्या नको जाऊ कामावर. दिवस चांगले नाहीत. बाहेर कशी कशी माणसं फिरतात."

"तुमचे दिवस कधी चांगले असतात पप्पा?" ती हसली. "तुमचं ऐकलं तर मला खाटेखाली बसून राहायला लागेल."

सकाळी ती गेल्यावर नथू आरशासमोर भांग पाडायला उभा राहिला. फणी हातात घेतली. फणीच्या दातांत वैशालीचे केस होते, आणि केसांत गुरफटलेला एक पांढरा, चकचकीत दोरा.

तो दोरा त्यानं वर्षभर बघितला होता. वैशालीच्या ओढणीला, चपलेला, घराच्या उंबऱ्यावर, कधीकधी आमटीतही. यार्नच्या कंपनीत जाणाऱ्या पोरीच्या अंगावर तो यायचाच. नथूनं खिशातली पुडी काढली, उघडली, फणीशेजारी ठेवली. दोरा तोच. केस तेच. आपल्या पोरीचे केस आपण ओळखले नाहीत.

"मंगला!" तो ओरडला. असा तो घरात कधीच ओरडला नव्हता. "वैशूचे केस कोणी कापले?"

मंगला पिठाच्या हातानं बाहेर आली. पुडी बघितली आणि तिचं तोंड उतरलं. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणून पोरीनं शपथ घातली होती," ती म्हणाली. "वेणी अडकली हो मशीनमधी. तो धागा रोलरवर गुंडाळत जातो ना, त्याच्यात वेणी ओढली गेली. मशीन बंद केलं, पण धागा तुटतो का? पोलादासारखा तो. तिथला फिटर आहे भास्कर म्हणून, त्यानं कापली वेणी. पण त्याचा सुरा बोथट, लई वेळ लागला, पोरगी ओरडत होती नुसती. त्याचीच दोन बोटं गेलीत त्या धाग्यापायी, चार वर्षं झाली. तेव्हापासून तो स्वतःचा आकड्याचा सुरा जवळ ठेवतो, चोरून, कंपनीत सुऱ्याला बंदी आहे. साध्या सुरीनं कापायला गेलं तर खालची बोटंच कापली जातात ना. आकडा कसा, धाग्याखाली सरकतो, पाठ कातडीकडे, धार वरती."

वरचं फाडायचं, खालचं जपायचं. आता ऐकू आलं नथूला!

"वैशूनंच त्याला सांगितलं," मंगला बोलतच होती, "माझ्या पप्पांकडे न्या, त्यांच्यासारखी धार कुणाची नाही. फक्त माझं नाव काढू नका म्हणे. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिला घरी बसवलं असतं."

"बसवलं असतंच!" नथू म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "अगं मंगला, मी काय करून बसलो गं!"

अंघोळ नाही, चहा नाही. सहाणेच्या चाकासकट सायकल काढली आणि नरोलीच्या रस्त्याला लागला. फोन करून उपयोग नव्हता, मोबाइल गेटवर जमा करून घेतात. पन्नाशी ओलांडलेला माणूस, लोखंडाची पेटी मागं खडखडतेय, शेजारून ट्रक अंगावर आल्यासारखे जातायत. अथालच्या पुलावर चढताना छाती भरून आली तरी तो उतरला नाही. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, की पोरीचा हात रोलरवर आहे, भास्करनं आकडा अडकवलाय, एकदा ओढलाय, आणि आता तो नुसता सरकतोय.

कंपनीच्या गेटवर पोहोचला तेव्हा नऊ वाजायचे होते. आतून मशीनचा आवाज, एकसारखा, जमिनीतून पायात चढणारा.

"भास्कर फिटरला बोलवा. नाहीतर वैशालीला," तो वॉचमनला म्हणाला.

"काम क्या है, काका?"

आणि इथं नथू अडला. काम काय सांगणार? आत सुरा आहे म्हणून सांगितलं तर भास्करची नोकरी गेली. सुरा निघाला की पोलीस आले, आणि पोलीस आले की पहिला प्रश्न कोणता, हे नथूला पाठ होतं. वॉचमनच्या अंगावर खाकीच कपडे होते. साधा वॉचमन तो, तंबाखू मळत बसलेला, पण नथूला त्या कपड्यांपुढं शब्द फुटेना.

"काही नाही," तो म्हणाला. "घरचं काम."

"तो लंच में मिलना. साडेबारा."

नथू समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. किती सोपं होतं! नुसतं म्हणायचं, भास्करला सांगा त्या आकड्याला धार नाही. एवढे पाच-सहा शब्द. दोनदा तो उठून गेटपर्यंत गेला आणि दोनदा परत आला. साडेनऊ झाले, दहा झाले. प्रत्येक मिनिटाला तो स्वतःला सांगत होता, की रोज काय अपघात होतो होय? साडेबारापर्यंत काय होतंय? देवाचं नाव घे आणि गप बस. असा तो दोन तास गप बसला. या दोन तासांचं पुढं त्यानं कुणालाच कारण सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

अकराला आतला आवाज एका बाजूनं कमी झाला. कुणीतरी पळालं. वॉचमननं घाईनं गेट उघडलं आणि कंपनीची जीप हॉर्न देत बाहेर आली. मागच्या सीटवर एक पोरगी खाली मान घालून, आणि तिच्या हाताला गुंडाळलेली पिवळी ओढणी, अर्धी लाल झालेली. ती ओढणी नथूनंच दिवाळीला वैशूसाठी आणली होती.

नथू रस्त्यात आडवा आला. जीप करकचून थांबली. त्यानं खिडकीच्या काचेवर दोन्ही हात आपटले, "वैशू! वैशू!"

पोरीनं मान वर केली. वैशाली नव्हती. तिच्याच लाइनवर काम करणारी उषा होती ती, दोन-तीनदा घरी येऊन जेवून गेलेली.

"देवा, पावलास रे बाबा!" नथूच्या तोंडून निघून गेलं.

उषानं ते ऐकलं. दुखण्यानं पांढरी पडलेली ती पोर त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि जीप निघून गेली. नथूला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. दुसऱ्याची पोर रक्तात न्हालेली आणि आपण देवाचे आभार मानतोय!

थोड्या वेळानं वैशाली आणि भास्कर बाहेर आले. लाइन बंद होती. वैशालीच्या गळ्यात ओढणी नव्हती, ती तिनं उषाच्या हाताला बांधली होती. हात धुतलेले, पण नखांत लाल राहिलं होतं. भास्कर टपरीच्या बाकावर धपकन बसला आणि शर्टाच्या आत हात घालून टॉवेलची गुंडाळी काढली.

"काका, तुम्ही इथं?" तो म्हणाला, पण उत्तराची वाट न बघता बोलत राहिला. "हलकं लोखंड निघालं हो. तुमचा काय दोष? एका ओढीला थोडा धागा तुटला, मग आकडा चालेचना. तोवर धागा आवळत गेला. मधल्या बोटाचं पेर गेलं तिचं." आणि त्यानं आपल्या तुटक्या हातानं डोळे पुसले. "मला वाटलं होतं, निदान माझ्या लाइनवर पुन्हा कुणाचं जायचं नाही."

हलकं लोखंड. किती सहज सुटका करून दिली होती त्यानं! नथूला फक्त मान हलवायची होती. हो बाबा, लोखंडच हलकं. कुणाला काही कळलं नसतं.

पण वैशालीनं सुरा उचलला होता. तिनं अंगठ्याचं नख आकड्याच्या आत घातलं आणि हळूच वळणावरून फिरवलं, बापाला शंभरदा करताना बघितलं होतं तसं. मध्ये एका जागी नख अडकलं. तिथं ती झालर दुमडून बसली होती. तिनं तिथं पुन्हा एकदा नख फिरवलं. मग बापाकडे बघितलं.

"पप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "काल दोरे किती धरले?"

नथूचा डावा कान गुणगुणत होता. गेटवरचा खाकीतला माणूस इकडेच बघत होता.

"एक," तो म्हणाला.

"का?"

"खोटी धार लावली होती म्हणून. मुद्दाम लावली." आता बोलायला लागला तो थांबेना. "मला वाटलं हा माणूस कुणाचा तरी गळा कापणार. याची बोटं बघितली, मिशा बघितल्या. आकड्यात बाईचे केस बघितले. तुझे केस होते गं ते, मला ओळखू आले नाहीत. आणि सकाळी कळल्यावर नऊ वाजल्यापासून इथं बसलोय. सांगायला तोंड उघडलं नाही. भ्यालो."

भास्करनं आपला डावा हात समोर धरला आणि उरलेल्या तीन बोटांकडे बघत बसला. "मी तुम्हाला खुनी दिसलो?" एवढंच त्यानं विचारलं. नथूला वाटलं, यानं एक कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. दुसरा कानही गेला असता तरी चाललं असतं.

वैशालीनं सुरा सायकलच्या फळीवर ठेवला. "लावा," ती म्हणाली.

नथूनं पेटी उघडली. भर दुपारी, रस्त्यावर, वॉचमनच्या डोळ्यांदेखत त्यानं सळईला पेपर गुंडाळला आणि आकड्याचा काठ पुन्हा आतून आणला. मग पेटीच्या तळातून चामडं काढलं आणि बाहेरच्या अंगानं झालर निघेपर्यंत घासलं. नखानं बघितलं, पुन्हा घासलं. बराच वेळ लागला.

मग त्यानं पहिला दोरा धरला. भास्करनं आकडा अडकवला, ओढला, तुटला. दुसरा धरला, तोही तुटला. तिसऱ्यासाठी नथूनं वैशालीच्या कुडत्याला चिकटलेला कंपनीचा धागा काढला, चकचकीत पांढरा. तो आपल्याच मधल्या बोटाभोवती गुंडाळला, फेऱ्यांवर फेरे, गच्च, बोट निळं पडेपर्यंत, आणि हात पुढं केला.

"कापा."

भास्करचा हात पुढं येईना. "काका, नको," तो म्हणाला.

तेव्हा वैशालीनं त्याच्या हातातून सुरा घेतला. आकडा धाग्याखाली सरकवला, पाठ बापाच्या कातडीकडे, धार वरती. तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होता. तिनं ओढलं. सगळे फेरे एकदम सुटले. बोटावर पांढरे वळ होते, रक्ताचा थेंब नाही.

"तीन," वैशाली म्हणाली. सुरा तिनं टॉवेलात गुंडाळून भास्करला दिला, आणि बापाकडे न बघता म्हणाली, "उषाला मी काही सांगणार नाही पप्पा. ते तुम्हालाच सांगायचंय."

नथूनं सायकल वळवली. पुलावर त्याला दोनदा वाटलं, आज राहू दे, उद्या जाऊ. सिल्वासात शिरल्यावर दवाखान्याचा रस्ता ठाऊक असून त्यानं तो दोघांना विचारला. दवाखान्याच्या दारात पोलिसांची एक गाडी उभी होती, कशासाठी कोण जाणे. गाडीला वळसा घालून तो आत गेला.

उषा कॉटवर होती, हाताला पांढरं बँडेज, उशाशी तिची आई सरुबाई. तिनं याला ओळखलं नाही. नथूनं चप्पल बाहेर काढली आणि कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. अठरा वर्षं ज्या प्रश्नापासून तो पळत होता तो इथं कुणी विचारलाही नव्हता.

"सरुबाई, मी वैशालीचा बाप," तो म्हणाला. "त्या सुऱ्याला धार मी लावली होती."